जुन्या गाडीचे मळलेले सीट बेल्ट कसे धुवावेत?

झेन_२००३
शनिवार, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी.

बाबांची २००३ ची झेन दिवाळीपासून माझ्याकडे आहे. इंजिन ठणठणीत, बाबांनी ते जिवापाड जपलं. आतल्या भागाकडे मात्र शेवटच्या चार-पाच वर्षांत त्यांच्याच्याने बघणं झालं नाही. गाडी सहकारनगरला उघड्यावर, कडुनिंबाखाली उभी असायची.

गेल्या रविवारी आईला घेऊन वाईला लग्नाला निघालो. आई पुढच्या सीटवर, मोतिया रंगाच्या साडीत. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर तिचं लक्ष गेलं. खांद्यापासून कमरेपर्यंत साडीवर तिरका काळपट पट्टा उमटला होता. तिने काही न बोलता बेल्ट काढला. मी पुन्हा लावायला लावला, तर खंबाटकी घाट येईपर्यंत तिने तो हाताने अंगापासून लांब धरून ठेवला. परत येताना ती मागे बसली, बेल्टशिवाय. तेव्हापासून मला चैन नाही.

घरी आल्यावर चारही बेल्ट ओढून पाहिले. मूळ रंग राखाडी, आता कुठे काळा, कुठे तपकिरी. खांद्याजवळचा भाग कडक आणि चकचकीत झालाय, नखाने खरवडलं तर मेणासारखं काहीतरी निघतं. आईच्या बाजूच्या बेल्टचा जो भाग कायम दाराशेजारच्या खांबाच्या आत गुंडाळलेला असतो, त्यावर पांढरे ठिपके आहेत आणि कुबट वास येतो. चालकाच्या बाजूचा बेल्ट सोडला की आत जातच नाही, लोंबत राहतो आणि दारात अडकतो. त्यावर एका जागी वंगणासारखा काळा डाग आहे.

गाड्या आतून धुऊन देणाऱ्या एका दुकानात विचारलं. ते म्हणाले, फवारा मारून पाच मिनिटांत स्वच्छ करून देतो. कसला फवारा ते सांगेनात, म्हणून मी परत आलो.

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. धुवायला काय वापरावं? बेल्ट गाडीतून काढावेत की जागेवरच धुवावेत? आणि इतके जुने बेल्ट धुऊन वापरणं योग्य आहे का?


पर्वती_पायथा
शनिवार, सकाळी ९:४५

माझ्या ओम्नीचे बेल्ट मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि झाकणभर ब्लीच घालून धुतले होते. तासाभरात नव्यासारखे झाले. फार विचार करू नका.


कापडवाली
शनिवार, सकाळी ११:२०

पर्वतीकर, कृपया हे पुन्हा करू नका, आणि झेनवाल्यांनी तर अजिबात करू नये. मी वस्त्ररसायन शिकले आहे आणि बरीच वर्षं कापड प्रक्रियेच्या कामात काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हल्लीचे बेल्ट बहुतेक पॉलिस्टरचे विणलेले असतात, काही जुने नायलॉनचे. हाताला दोन्ही सारखेच लागतात, घरबसल्या फरक कळत नाही. पॉलिस्टरचा शत्रू म्हणजे तीव्र अल्कली. पॉलिस्टरच्या साडीला रेशमासारखी मऊ पडण यावी म्हणून कारखान्यात तिच्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करतात. तो सोडा तंतूचा वरचा थर अक्षरशः खातो, तंतू बारीक होतो, म्हणून कापड मऊ पडतं. साडीला ते चालतं. जीव ज्याच्या भरवशावर टाकायचा त्या पट्ट्याला चालत नाही. धुण्याचा सोडा कॉस्टिकइतका जहाल नसतो, पण गरम पाण्यात तो वापरून बघण्याची ही जागा नव्हे. नायलॉनचं दुखणं उलटं आहे, त्याला ॲसिड आणि ब्लीच सोसत नाही. आपला पट्टा कशाचा हे माहीत नसताना दोन्हीपासून लांब राहायचं, एवढाच मार्ग उरतो. गाड्यांच्या मॅन्युअलमध्येही ब्लीच नको, रंग देऊ नका, कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरा, असंच सांगितलेलं असतं.

ब्लीच लावलेला पट्टा दिसायला छान दिसतो, हाच त्यातला धोका. ताकद गेलेली डोळ्यांना दिसत नाही.

आता धीराची गोष्ट. पाण्याला घाबरू नका. बेल्टच्या पट्टीची चाचणी संयुक्त राष्ट्रांच्या १६ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे होते, तेव्हा तिचे तुकडे उजेडात, थंडीत, उष्णतेत आणि पाण्यात ठेवून मग ताणतात. त्यानंतरही पट्टीने किमान १४.७ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टन वजनाइतका भार पेलावा लागतो. कोमट पाण्याने आणि साबणाने तिला काही होत नाही.

मळ कशाचा आहे ते बघा. खांद्याजवळचं मेणासारखं म्हणजे घाम, केसांचं तेल आणि रस्त्यावरची धूळ यांचा थर. त्याला लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांसाठी मिळतो तो लिक्विड साबण पुरेसा आहे. तांब्याभर कोमट पाण्यात एक चमचा. मऊ ब्रश घ्या, दात घासायचा जुना चालेल, आणि पट्ट्याच्या लांबीच्या दिशेनेच फिरवा. ताण्याचे उभे धागे सगळा भार घेतात. आडवा ब्रश घासला की ते पिंजतात आणि पट्टा केसाळ होतो. एका फटक्यात सगळं निघणार नाही. चार-पाच वेळा साबण, पुसणं, पुन्हा साबण, अशी तयारी ठेवा.

पांढरे ठिपके बुरशीचे असावेत. आधी कोरड्या ब्रशने गाडीच्या बाहेर झटका, तोंडाला रुमाल बांधा. मग साबण. वास राहिलाच तर पुन्हा एकदा साबणाच्या पाण्याने टिपा आणि नंतर साध्या पाण्याने नीट पुसून घ्या.


पर्वती_पायथा
शनिवार, दुपारी १२:०५

ताई, मनापासून आभार. हे मला खरंच माहीत नव्हतं. आत्ता जाऊन ओम्नीचे बेल्ट बघतो.


नाना_पेठ_गॅरेज
शनिवार, दुपारी ३:३०

ताईंनी कापडाचं सगळं सांगितलं. मी रिळाचं, म्हणजे खांबाच्या आत पट्टा ज्याच्यावर गुंडाळला जातो त्याचं सांगतो, कारण तुमचा दुसरा त्रास, बेल्ट आत न जाण्याचा, मला जास्त काळजीचा वाटतो.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, काका, रिळाची स्प्रिंग गेली. दहातल्या आठ गाड्यांत स्प्रिंग शाबूत असते. खांबावर खांद्याच्या उंचीला जी कडी असते, आम्ही तिला डी-रिंग म्हणतो, तिच्यात मळ साचलेला असतो. पट्टा रोज तिथून घासत जातो, तेलकट मळ कडीच्या कडेला बसतो आणि त्याचा थर होतो. आतली स्प्रिंग घड्याळाच्या स्प्रिंगसारखी चपटी गुंडाळलेली असते, तिचा जोर मुद्दाम कमी ठेवलेला असतो, नाहीतर माणसाच्या छातीवर सतत ओढ बसेल. त्या थोड्याशा जोराला हा मळ भारी पडतो.

उपाय सोपा आहे. सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी घ्या, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये भिजवा, कडीतून ओवा आणि दोन्ही टोकं धरून पुढे-मागे ओढा. काळंकुट्ट निघेल. पट्टी बदलत राहा, शेवटची पांढरी निघेपर्यंत. तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४० सारखा वंगणाचा फवारा यातलं काहीही कडीला किंवा पट्ट्याला लावायचं नाही. दोन दिवस सरसर चालेल, मग त्याच तेलावर धूळ बसून आधीपेक्षा वाईट होईल.

तो वंगणाचा डाग दाराच्या कुलपाचा असणार. बेल्ट लोंबतो, दारात सापडतो, कुलपाचं ग्रीस त्याला लागतं. तिथे नुसता डाग बघू नका. त्याच जागी पट्टा चिमटला जातो, कडेचे धागे तुटतात. ती जागा बोटांत दुमडून, उजेडात धरून बघा.

बेल्ट जागेवरच धुवा, काढू नका. तुमच्या झेनला जमेलही, पण गरज नाही. आणि रीळ काढून हातात धरलं की लोक घाबरतात, कारण पट्टा बाहेरच येत नाही. बिघाड नसतो तो. रिळात एक पोलादी गोळी किंवा लोलक असतो. गाडी जोरात थांबली किंवा कलली की तो सरकतो आणि रीळ अडकवतो. नियमच तसा आहे, १२ अंशांपर्यंत कललं तर अडकता कामा नये आणि २७ अंशांच्या पुढे अडकलंच पाहिजे. हातात तिरकं धरलं तर ते आपलं काम करतं.

धुताना पट्टा सावकाश पूर्ण बाहेर ओढा, हिसका दिलात तर अडकेल. मग खांबाच्या फटीजवळ, जिथून तो बाहेर येतो तिथे, चिमटा लावा. कपड्यांचा चिमटा निसटतो. सुताराचा छोटा शिकंजा लावा आणि खाली फडकं ठेवा, म्हणजे धागे दबणार नाहीत. हा चिमटा पट्टा पूर्ण वाळेपर्यंत काढायचा नाही. ओला पट्टा आत गेला तर रिळाला गंज आणि पट्ट्याला पुन्हा बुरशी.


औंधची_आय२०
शनिवार, संध्याकाळी ६:१५

माझी गाडी २०१७ ची आहे. बेल्ट सोडवून बादलीत टाकून धुवावेत असा विचार होता. काका, नव्या गाडीला काढलेले चालतील ना?


नाना_पेठ_गॅरेज
शनिवार, संध्याकाळी ७:००

नाही. तुमच्या गाडीच्या पुढच्या बेल्टला प्रीटेन्शनर असणार. अपघाताच्या क्षणी छोटी स्फोटक पुडी उडते आणि पट्टा अंगाशी घट्ट ओढला जातो. त्याची वायर एअरबॅगच्या यंत्रणेला जोडलेली असते. घरच्या पान्याने तिथे हात घालू नका, ती पुडी उडाली तर हात जाऊ शकतो. जागेवरच धुवा.

आणि बकलमध्ये पाणी जाऊ देऊ नका. बेल्ट लावला नाही हे सांगणाऱ्या दिव्याचा स्विच तिथेच असतो. बकल फक्त हवेच्या झोताने किंवा व्हॅक्यूमने साफ करायचं. मुलं असलेल्या घरात बिस्किटाचा चुरा आणि नाणी निघतात त्यातून.


माई_भोर
शनिवार, रात्री ८:४०

माझं वय पंचाहत्तर आहे, नातवाने हे वाचायला दिलं म्हणून लिहिते. आमच्याकडे रेशमी साड्या आणि शाली आजवर रिठ्याच्या पाण्यातच धुतल्या. सात-आठ रिठे फोडून, बिया काढून रात्री भिजत घालावेत, सकाळी कुस्करून गाळून घ्यावं. फेस छान येतो आणि कापडाला त्रास नाही. बेल्टला चालेल का ते कापडवाली ताईंनी सांगावं.

झेनवाल्या मुला, तुझ्या आईचं मला समजतं. साडीचा डाग बाईला वर्षानुवर्षं दिसत राहतो. तिला दटावू नकोस, बेल्ट स्वच्छ करून दाखव.


कापडवाली
शनिवार, रात्री ९:१०

माई, नक्की चालेल, रिठा सौम्यच आहे. फक्त पाणी दोनदा गाळून घ्यावं, गर विणीत अडकला तर चिकटपणा राहतो. आणि रिठ्याचा पिवळसर रंग फिक्या बेल्टवर उतरू शकतो, म्हणून आधी टोकाला थोडं लावून पाहावं.


वाघोली_टँकर
शनिवार, रात्री ९:५५

एक अनुभव. आमच्या सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी आहे, जड. मी बेल्ट धुतले तेव्हा साबणाला फेस येईना आणि वाळल्यावर पट्ट्यावर पांढरी पूड दिसायला लागली. शेवटी बहिणीकडून महापालिकेच्या नळाचं दोन बादल्या पाणी आणलं आणि त्याने पुसून काढलं. पेठांत किंवा सहकारनगरला राहणाऱ्यांना हा प्रश्न यायचा नाही.

तोवर काकूंसाठी बेल्टवर ते मऊ कव्हर चढवता येईल का? ऑनलाइन मिळतात.


फिजिओ_कर्वेनगर
रविवार, सकाळी ७:५०

जाड कव्हर नको. बेल्ट शरीरावर चपटा आणि घट्ट बसण्यासाठी बनवलेला असतो. नील्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ मध्ये व्होल्वोसाठी हा तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट बनवला, तेव्हा भार हाडांवर यावा हीच त्यातली कल्पना होती. वरचा पट्टा गळ्याच्या हाडावरून आणि छातीवरून, खालचा कमरेच्या हाडांवरून. पोटावरून नाही. जाड कव्हर किंवा हाताने लांब धरलेला बेल्ट म्हणजे मध्ये मोकळी जागा. तेवढ्या जागेत शरीर पुढे जाऊन वेग घेतं आणि मग पट्ट्यावर आदळतं. वयस्कर माणसांच्या बरगड्यांना हे फार महागात पडतं.

साडी नेसलेल्यांना एक सांगते. निऱ्यांच्या जाड घडीवरून खालचा पट्टा वर सरकतो आणि पोटावर येतो. बसल्यावर तो हाताने खाली, मांड्यांच्या मुळाशी ओढून घ्यायचा आणि मग वरचा पट्टा ओढून ढील काढायची. आईंना हे एकदा करून दाखवा.

मागे बसल्यावरही बेल्ट लागतोच. कायद्याने तर लागतोच, मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमाखाली हजार रुपये दंड आहे, पण आईंना दंडाची भीती घालू नका. मागचा माणूस बेल्टशिवाय असला तर तो पुढच्या सीटवर येऊन आदळतो, म्हणजे तुमच्यावर, हे सांगा. त्या ऐकतील.


झेन_२००३
पुढचा रविवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. काल आणि आज मिळून पुढचे दोन बेल्ट केले. जसं घडलं तसं लिहितो, कुणाला उपयोग होईल.

रिठे घरात होते, आईनेच भिजत घातले. एका बेल्टला रिठा आणि दुसऱ्याला लिक्विड साबण वापरला. माझ्या डोळ्यांना दोन्हींत फरक दिसला नाही. रिठ्याला दोन फेऱ्या जास्त लागल्या, वास मात्र छान राहिला.

सीट मागे ढकलली, सीटवर आणि खांबाच्या प्लास्टिकवर जुने टॉवेल अंथरले. शिकंजा रविवार पेठेत बोहरी आळीतून आणला. आईच्या बाजूचा बेल्ट पूर्ण बाहेर काढला तेव्हा आतला तीन-चार विती भाग बुरशीने भरलेला होता. तो भाग गेली कित्येक वर्षं कुणी पाहिलाच नसेल. ब्रशने लांबीच्या दिशेने घासून फडक्याने पुसलं. पहिल्या दोन फेऱ्यांत पाणी चहासारखं निघालं. तिसऱ्या फेरीला मी पद्धत बदलली. गाडीच्या तळाशी छोटी बादली ठेवली आणि पट्ट्याचा मधला मळकट भाग अर्धा तास साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवला, शिकंज्याकडचा भाग बाहेर. त्यानंतर मळ भराभर सुटला. एकूण सहा फेऱ्या, मग साध्या पाण्याने तीन वेळा पुसणं.

वाळायला दारं उघडी ठेवली, उन्हात नाही, इमारतीच्या सावलीत. आधी आतला दिवा बंद केला, नाहीतर सकाळपर्यंत बॅटरी उतरली असती. फेब्रुवारीची कोरडी हवा, तरी पूर्ण वाळायला रात्र आणि अर्धा दिवस लागला. वरून हाताला कोरडा लागत होता, पण जिथे दुहेरी शिवण आहे तिथे टिश्यू दाबला तर ओला होत होता. पावसाळ्यात हे काम काढू नये असं वाटतं.

बुरशी आली कुठून हेही सापडलं. काचेच्या खालची रबरी पट्टी कडक होऊन तडकली आहे आणि खांबाच्या तळाशी पाण्याच्या ओघळाच्या खुणा आहेत. ती पट्टी बदलली नाही तर जूनमध्ये पुन्हा तेच.

चालकाच्या बाजूची कडी काकांनी सांगितलं तशी साफ केली. नऊ पट्ट्या लागल्या. दहावी जवळजवळ पांढरी निघाली. बेल्ट सोडला आणि तो एका दमात आत गेला. मी चार-पाच वेळा नुसतं सोडून बघत बसलो.

पण वंगणाच्या डागाची जागा धुतल्यावर खरी गोष्ट दिसली. डागाखाली कडेला अर्ध्या नखाएवढा काप आहे आणि आजूबाजूचे धागे पिंजलेले आहेत. मळ होता तोवर ते झाकलेलं होतं. फोटो टाकलाय. काका, हे चालेल का?


नाना_पेठ_गॅरेज
रविवार, रात्री १०:१०

नाही चालणार. कडेचा काप म्हणजे पट्टा फाटायची सुरुवात. भार आला की फाट तिथूनच धावते. शिवून घ्यायचा नाही, टोक जाळून चिकटवायचं नाही, अख्खा बेल्ट रिळासकट बदलायचा. तोवर गाडी काढू नका.

तुमच्या गाडीच्या मॉडेलचाच नवा घ्या, पट्ट्याच्या टोकाला शिवलेलं प्रमाणपत्राचं लेबल बघून घ्या. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी स्वस्तात रिळं मिळतात, ती घेऊ नका. ज्या बेल्टने एकदा अपघात सोसलाय त्याचे धागे ताणले गेलेले असतात, तो पुन्हा वापरायचा नसतो. तो कुठल्या गाडीतून निघाला हे तिथे कुणीच सांगू शकत नाही.

बसवताना बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच, म्हणजे पिळाच्या ठरलेल्या जोरालाच आवळायचा. टॉर्कचा पाना नसेल तर गाडी घेऊन या, दहा मिनिटांचं काम आहे.


पर्वती_पायथा
सोमवार, सकाळी ८:००

ओम्नीचे बेल्ट पाहिले. शिवणीजवळ रंग उडालाय आणि बोटाने चोळलं की बारीक तूस निघतं. दोन्ही बदलतोय. काका, मीही येतो.


झेन_२००३
शनिवार, रात्री ८:२०

चालकाच्या बाजूला नवा बेल्ट बसला. काचेखालची रबरी पट्टीही बदलून घेतली.

आज आईला जेजुरीला नेलं. निघण्याआधी तिने पर्समधून पांढरा रुमाल काढला, बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवला आणि रुमाल उजेडात धरून पाहिला. मग बसली. खालचा पट्टा निऱ्यांच्या खाली कसा घ्यायचा ते मी दाखवलं, वरचा तिने स्वतःच ओढून घट्ट केला. दिवेघाटात तिने एकदाही त्याला हात लावला नाही.

मागचे दोन बेल्ट राहिलेत. त्यांची बकलं सीटच्या फटीत आत गेली आहेत, त्यासाठी मागची बैठक उचलावी लागेल. पुढच्या रविवारी ते. माईंसाठी: आईने आणखी पाव किलो रिठे आणून ठेवलेत.